लाइन गेली ते बरं झालं

मागच्या महिन्यात आमच्या नागपूरच्या शाळेच्या ग्रुपवर मोठी मारामारी झाली. एक दोस्त नव्या भयपटाचा पहिल्या दिवशीचा शो पाहून आला आणि रात्री साडेअकराला त्याने दोन ओळींत शेवट लिहून टाकला. इथे जर्मनीत माझा सकाळचा गजर वाजेपर्यंत त्यावर १४० मेसेज पडले होते. धरमपेठेतला वकील म्हणाला, "माह्ये तीनशे रुपये पाण्यात घातले बे यानं." दुसरा म्हणाला, "आता थेटरात का मरायले जाऊ?" तिसऱ्याचं म्हणणं असं की या पिक्चरांत शेवटच्या धक्क्यावाचून असतंच काय, तेव्हा ज्याने शेवट फोडला त्याने आपले पैसे वाचवले, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करा. यावर वकिलाने ग्रुप सोडला.

मी हे श्टुटगार्टच्या ट्रेनमध्ये बसून वाचत होतो आणि हसत होतो. इथे ट्रेनमध्ये एकट्याने हसणं चांगलं दिसत नाही. समोरच्या बाईंनी पिशवी जवळ ओढली.

माझ्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, रविवारी संध्याकाळी सव्वाआठनंतर दार उघडत नाहीत. त्या वेळी टीव्हीवर 'टाटओर्ट' असतं. १९७० पासून चालू असलेली ही गुन्ह्यांची मालिका म्हणजे इथला रविवारचा धर्मच. आमच्या ग्रुपचा किस्सा मी त्यांना सांगितला, तर त्यांनी त्याहून भारी किस्सा ऐकवला. जानेवारी १९६२. टीव्हीवर एक खुनाची मालिका चालू होती, गळ्याला स्कार्फ आवळून खून करणाऱ्याची. भाग लागला की रस्ते ओस पडायचे, जसे आपल्याकडे पुढे रामायणाच्या वेळी पडले. शेवटचा भाग यायच्या आधी वोल्फगांग नॉयस नावाच्या बर्लिनच्या एका विनोदी नटाने संध्याकाळच्या पेपरात जाहिरात दिली: घरी बसू नका, माझा सिनेमा बघायला या, खुनी अमुक नट आहे. नाव बरोबर निघालं. देश खवळला. एका खपाच्या वर्तमानपत्राने त्याला चक्क देशद्रोही म्हटलं. आजी तेव्हा शाळेत होत्या. त्यांच्या वडिलांनी त्या नटाचा एकही सिनेमा पुढे घरात लावू दिला नाही.

म्हणजे आमचा वकील एकटा नाही. पण मला या भांडणात दोन वेगळी दुखणी एकाच बाटलीत भरलेली दिसतात. रहस्यपट आणि भयपट हे आपण सख्खे भाऊ धरतो. मला ते फार तर चुलत वाटतात, आणि शेवटचा धक्का एकाला मानवतो, दुसऱ्याला बहुधा बाधतो. हे मी कुठल्या पुस्तकातून शिकलो नाही. कोराडीच्या वीज केंद्राची चिमणी गच्चीवरून दिसायची त्या घरात शिकलो.

आमच्याकडे लाइट जात नाही, लाइन जाते. उशाशी वीज तयार होते आणि आम्ही अंधारात, हे विदर्भाचं जुनं दुखणं, त्यावर इथे बोलत नाही. तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मामांनी एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणला. तीन कॅसेट, अंगणात सतरंज्या, कूलर उचलून बाहेर आणलेला. तिसरी कॅसेट होती 'वह कौन थी', राज खोसला यांचा १९६४ चा. तोवर निम्मी मंडळी झोपली होती. पडद्यावर मुसळधार पाऊस, मनोजकुमारची मोटार, आणि रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना. तिला तो गाडीत घेतो. काचेवरचे वायपर बंद पडतात, त्याला पुढचं काही दिसेना, आणि ती म्हणते मला दिसतंय. उतरते कुठे, तर कब्रस्तानापाशी. मी मावशीचा पदर घट्ट धरला तो सुटला नाही. मग मदनमोहनचं गाणं, लताबाईंचा आवाज, पुन्हा ती बाई. शेवटची पंधरावीस मिनिटं राहिली असतील, आणि लाइन गेली.

कॅसेट व्हीसीआरच्या पोटात अडकली. सकाळी लाइन आली तेव्हा व्हीसीआरवाला दारात उभा होता. आम्ही शेवट पाहिला नाही. ती बाई कोण, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण विचारायचीच भीती वाटायची. पुढची दोन वर्षं पावसात रिक्षाचा वायपर थांबला की मी डोळे मिटून घ्यायचो.

शेवट पाहिला तो वीसेक वर्षांनी, श्टुटगार्टला, लॅपटॉपवर, थंडीत एकट्याने. सिनेमा साठ वर्षं जुना आहे, तेव्हा सांगायला हरकत नसावी: इस्टेटीसाठी नात्यातल्याने रचलेला कट आणि जुळ्या बहिणी. मी लॅपटॉप बंद केला आणि माझ्यावर अन्याय झाल्यासारखं वाटलं. दोन वर्षं ज्या बाईने माझी झोप घेतली ती वारसाहक्काच्या भानगडीतली निघाली! आमच्या वकिलाची केस!

आता गंमत अशी की गाणं मला पाठ आहे, पाऊस, साडी, वायपर सगळं आठवतं. कट कसा रचला होता ते मात्र हा लेख लिहिण्यापूर्वी पुन्हा बघावं लागलं. त्या काळच्या बहुतेक भुताच्या सिनेमांचं हेच. १९४९ च्या 'महल'मध्ये झोपाळ्यावरची मधुबाला सगळ्यांना आठवते. ती शेवटी माळ्याची मुलगी निघते हे किती जणांना आठवतं? भूत खोटं होतं हे सांगण्यात त्यांना पुरोगामीपणा वाटत असेल, असूही दे. पण अडीच तास अंगात आणलेलं भूत शेवटच्या दहा मिनिटांत पंचनामा करून उतरवायचं, हा प्रेक्षकाशी केलेला दगाच आहे.

रहस्यपटाचं वेगळं. तिथे खुनी कोण हे गणित आहे आणि गणिताला उत्तर लागतं. शिवाय आपल्याकडे त्यात इंटरव्हल असतो, ज्याची मला इथे सर्वांत जास्त आठवण येते. जर्मनीत सिनेमा सलग असतो. आइस्क्रीम विकायचं तर ते सिनेमा सुरू व्हायच्या आधी, जाहिराती संपल्यावर. नागपूरला इंटरव्हलमध्ये, सीताबर्डीवरच्या थिएटरबाहेर, हातात समोसा घेऊन दहा अनोळखी माणसं खुनी शोधायची. "माळी हाय पाय," "अबे नाही, डाक्टर. डाक्टरची नजर पाह्यली का?" शेवटी कोणाचं बरोबर निघतं यासाठी ती पैज असायची. हा आनंद शेवट फोडणारा हिरावून घेतो, आणि इथे मी वकिलाच्या बाजूने आहे. तीनशे रुपये राहू द्या, पैज बुडाली.

मग भीतीचं काय? दिग्दर्शक हिचकॉकने त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला मुलाखत देताना एक दाखला दिला होता. टेबलाशी माणसं गप्पा मारतायत आणि अचानक खाली बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचं आश्चर्य मिळतं. तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाला आधी दाखवला, तर त्याच रटाळ गप्पांत त्याला पंधरा मिनिटं घाम फुटतो. आणि हा माणूस नुसता बोलला नाही. १९५८ च्या 'व्हर्टिगो'त त्याने नायकाला कळायच्या कितीतरी आधी प्रेक्षकाला सगळं गुपित सांगून टाकलं. त्यानंतरचा सिनेमा पाहताना पोटात जे कालवतं ते माहीत असल्यामुळे.

हे वाचलं तेव्हा मला एकदम आमच्या थिएटरातली पुढची रांग आठवली. नायिका अंधाऱ्या जिन्यावरून चाललीय, मागे सावली, आणि रांगेतून कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडतं, "अवं बाई, मांगं पाय!" इथल्या लोकांना हे सांगितलं की ते दचकतात. इथे भयपट चर्चमध्ये बसल्यासारखा बघतात, कागद कुरकुरला तरी मान वळते. मला ती शांतता आवडतेही, खोटं कशाला बोलू. आवाज नसला की पडद्यावरचं दार उघडतं ते आपल्याच खोलीचं वाटतं. पण हिचकॉकला जो प्रेक्षक हवा होता, माहीत असलेला आणि न राहवून ओरडणारा, तो आमच्या पुढच्या रांगेत बसायचा.

वकील इथे नक्की उठून म्हणेल की याच हिचकॉकने १९६० साली 'सायको' लागला तेव्हा उशिरा येणाऱ्याला आत सोडू नका, असा नियम केला होता. केला होता. पण त्या सिनेमाचा खरा घाव शेवटी बसतच नाही, तो निम्म्याच्याही आधी बसतो. शेवटी काय आहे? एक डॉक्टर उभा राहून खुन्याच्या मनाची फोड करून सांगतो, आणि तो सिनेमातला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे असं माझं मत आहे.

शेवटचा धक्का भयपटात चालतच नाही असं मात्र नाही. मनोज नेल्लियत्तु श्यामलनचा १९९९ चा 'द सिक्स्थ सेन्स' घ्या. शेवट सांगत नाही, ग्रुप सोडणारे बरेच आहेत. एवढंच म्हणतो की तिथला उलगडा भुताला घरी पाठवत नाही, आपल्या मानगुटीवर बसवतो. दुसऱ्यांदा पाहिला तर पहिल्यापेक्षा जास्त गलबलतं. नव्या भयपटांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. शेवट आधी ठरवायचा आणि मग दोन तास प्रेक्षकापासून लपवालपवी करायची. प्रेक्षकही हुशार झालाय, तो पहिल्या मिनिटापासून पुरावे गोळा करत बसतो. जो पुरावे गोळा करतो तो घाबरेल कधी?

'तुंबाड'चं उदाहरण मी ग्रुपवर दिलं. राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा सिनेमा. सगळा कोकणातला पाऊस, वाडा, आणि हाव. त्यात जगाला उलटंपालटं करणारा धक्का नाही. हाव कुठे नेणार हे पहिल्यापासून दिसतंय. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा निम्म्या देशाचा तो घरी मोबाइलवर पाहून झाला होता, आणि तरी पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. शेवट माहीत असलेली माणसं तिकीट काढून अंधारात बसली.

यावर सत्कारवाला म्हणाला, "तू तिकडं बसून आम्हाला सिनेमा नको शिकवू." बरोबर आहे. मग मी त्याला त्याच्याच गल्लीतलं विचारलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तू मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा तो मोठा पुतळा, बघायला जातोस ना? काळी आणि पिवळी दोन्ही नेहरू पुतळ्यापाशी भेटतात, लाखभर माणूस, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडताना घसा बसतो. शेवटी तिला जाळणार हे शंभर वर्षांहून जास्त काळ अख्ख्या नागपूरला माहीत आहे. कोणी म्हणतं का, की काकानं शेवट फोडला, आता मी इतवारीत पाय ठेवत नाही? लहानपणी मी मामांच्या खांद्यावर बसून ती मारबत गर्दीतून हलत हलत आपल्याकडे येताना पाहिली आहे. ती जळणार हे माहीत होतं. तरीही ती जवळ आली की मी मामांचे केस ओढायचो.

सत्कारवाल्याने अंगठा पाठवला. तो मान्य केल्याचा होता की झोपायला गेल्याचा, सांगता येत नाही.

शनिवारी रात्री मी भांडी घासत होतो, साडेनऊ झाले असतील, म्हणजे नागपूरला एक. वकिलाचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. बायकोला घेऊन तो तोच सिनेमा बघून आला होता, शेवट माहीत असलेला. लिहिलं होतं, "भेव लागलं बे."

कुठे, ते विचारलं. अजून उत्तर नाही.