प्लग टेकला म्हणजे सिमेंट बसले असे नव्हे

तेलविहिरीत सिमेंट भरताना पंपाचा दाब एकदम चढला की सिमेंट नीट बसल्याची खात्री पटते, असा मजकूर सध्या फिरतो आहे; तो चुकीचा आहे. सिमेंटच्या मागून केसिंगमध्ये (विहिरीत उतरवलेल्या, एकमेकींना जोडलेल्या पोलादी नळ्यांत) ढकललेला रबरी प्लग तळाजवळच्या फ्लोट कॉलरवर (झडप असलेल्या सांध्यावर) टेकतो तेव्हा दाब झटक्यात वाढतो, आणि त्यावरून प्लग कुठे पोहोचला एवढेच कळते. वाटेतही, साधारण १२ मीटर लांबीच्या नळ्यांचे सांधे ओलांडताना दाबात बारीक हिसके उमटू शकतात. ते मोजून प्लगचा माग काढता येतो. ही पद्धत खरोखर उपयोगी आहे, कारण पंपाच्या फेऱ्यांवरून बांधलेला अंदाज चुकू शकतो. मात्र केसिंगच्या बाहेर, खडकालगतची पोकळी सिमेंटने भरली की नाही, हे दाबाच्या आलेखात दिसत नाही.

मेक्सिकोच्या आखातातील मकोंडो विहिरीत प्लग टेकल्याचा दाब दिसला होता. तरीही तळाचे सिमेंट वायू रोखू शकले नाही, आणि २० एप्रिल २०१० च्या स्फोटात ११ कामगारांचा जीव गेला. सिमेंटची पकड ध्वनिलहरींनी तपासण्यासाठी बोलावलेले पथक त्याच दिवशी, तपासणी न करताच, परत पाठवले गेले होते.