कानातला मळ, मधुमेह आणि आत्याची सिरिंज

‘मधुमेहींनो, कान घरीच साफ करा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. एरवी मी तो न वाचताच पुसून टाकला असता. परंतु अठरा वर्षे मधुमेह असलेली माझी आत्या रविवारी औषधाच्या दुकानातून चांगली मोठी सिरिंज घेऊन आली आणि ‘एवढ्याशा कामाला डॉक्टर कशाला?’ हे त्यातलेच वाक्य तिने मला ऐकवले, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

मळ ही घाण असून ती दर आठवड्याला काढावी, असे हा संदेश आरंभीच सांगतो. वास्तविक मळ कानाच्या त्वचेचे रक्षण करतो आणि बहुतेकांच्या कानातून आपोआप बाहेर सरकतो. कानाला दडा बसला नसेल, ऐकू नीट येत असेल आणि कान दुखत नसेल, तर त्याच्या वाटेला जाण्याचे सहसा कारण नसते.

खरा संताप येतो तो दुसऱ्या मुद्द्याचा. नळाचे कोमट पाणी सिरिंजने जोरात कानात मारावे आणि मधुमेहींसाठी हाच सर्वांत सुरक्षित उपाय आहे, ‘कारण त्याने साखर वाढत नाही’! साखर वाढत नाही म्हणून एखादी गोष्ट निर्धोक ठरत असेल, तर मधुमेहींनी अनवाणी फिरायलाही हरकत नसावी. मधुमेहींच्या कानातला मळ तुलनेने कमी आम्लधर्मी असतो, म्हणजे जंतूंना रोखणारे त्याचे कवच आधीच पातळ झालेले असते. त्यात पाणी आत साचून राहिले, कानाच्या नळीची नाजूक त्वचा खरचटली आणि दीर्घकाळच्या मधुमेहाने तिथला रक्तपुरवठा व प्रतिकारशक्ती मंदावलेली असली, की सूडोमोनाससारख्या जंतूला आयतेच घर मिळते. हा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर कानाच्या नळीतून कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत पोहोचू शकतो, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते आणि प्रतिजैविके कित्येक आठवडे घ्यावी लागतात. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2017 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत मळ काढण्याची पद्धत ठरवण्याआधी रुग्णाला मधुमेह आहे का, हे पाहायला सांगितले आहे, आणि नळाच्या पाण्याने कान धुतल्यानंतर असा संसर्ग झाल्याची नोंदही तीत आहे. शिवाय पडद्याला जुने छिद्र असेल तर हेच पाणी थेट मधल्या कानात जाते, आणि ते छिद्र आपले आपल्याला दिसत नाही.

कानात तेल घालावे या संदेशातल्या पुढच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पडदा शाबूत असेल आणि कान वाहत नसेल, तर साध्या तेलाच्या दोन-तीन थेंबांनी कडक मळ मऊ होतो. मात्र संदेशातले तेल लसूण घालून कडकडीत तापवलेले आहे. ते कानात ओतून नळी भाजून घेण्याची काही आवश्यकता नाही.

कानात पेटती मेणबत्ती धरण्याच्या सल्ल्यावर शब्द खर्च करावेत असे वाटत नाही. ती मळ ओढून काढत नाही; खाली उरते ते तिचेच मेण. वरील मार्गदर्शिकेनेही ती स्पष्टपणे निषिद्ध ठरवली आहे.

राहिला प्रश्न ‘डॉक्टर कशाला?’ हा. तज्ज्ञ कानात उजेड टाकून, बघत बघत, बारीक शोषनळीने किंवा आकड्याने मळ काढतात. पाण्याची गरज बहुधा पडत नाही, आणि काम अनेकदा काही मिनिटांत उरकते. जाताना एवढेच सांगावे की मधुमेह आहे, साखर सध्या किती आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि पूर्वी कधी कान फुटला होता का. मळ काढल्यानंतर कान ठणकू लागला, विशेषतः रात्री झोप उडवील इतका, किंवा त्यातून पाणी येऊ लागले, तर दुसऱ्या दिवशीच पुन्हा दाखवावे.

आत्याची वेळ गुरुवारची घेतली आहे. सिरिंज तिने अजून दिलेली नाही. कुंडीतल्या रोपांना पाणी घालायला उपयोगी पडेल, असे तिचे म्हणणे आहे.