सातबारा हालून राहिला

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, तेव्हा माझ्या दुकानातला डबा, म्हणजे कॉम्प्युटर, चांगला ठणठणीत होता. दुकान आर्वीकडच्या एका फाट्यावर. झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि उरलेल्या वेळात गावच्या राजकारणाची बैठक. डब्यात टीपीएम २.० नावाची चिप नाही, म्हणून विंडोज ११ त्याला दारातच उभं करेना. नवा घ्यायचा तर आधी कापसाच्या भावाकडे पाहावं लागतं, आणि कापसाच्या भावाकडे पाहिलं की माणूस चहासुद्धा उधारीवर पितो.

नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा पुतण्या दिवाळीत आला आणि पेन ड्राइव्ह खुपसून मोकळा झाला. “काका, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो. वरतून केडीई प्लाझ्मा, म्हंजे समोर दिसते तो डेस्कटॉप. तुमाले जे पाह्यजे ते बदलवता येते याच्यात.”

आता माझी परिस्थिती ध्यानात घ्या. घराचा रंग बायकोने ठरवला, दुकानाची जागा बाबांनी, लाइन कधी यायची ते देव जाणे. अशा माणसाला कोणी जे पाहिजे ते बदलायला देतं का?

हे केडीई मथियास एट्रिश नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने जाहीर केलं तेही १४ ऑक्टोबरलाच, १९९६ साली. पुतण्याने ही तारीख मला अशी सांगितली, जशी दोन्ही पत्रिका त्यानेच जुळवल्या. एट्रिशची तक्रार अशी होती की युनिक्सवरचा (युनिक्स म्हणजे लिनक्सचं घराणं) प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसतो, वेगळा वागतो; सगळं कसं एकसारखं पाहिजे. त्याच्या वारसांनी पुढे इतकी बटणं दिली की आज दोन माणसांचे डेस्कटॉप एकसारखे सापडले तर पंचनामा करावा.

सुरुवात खालच्या पट्टीपासून झाली. ती खाली असते, वर नेता येते, डाव्या-उजव्या भिंतीला लावता येते, जाड-बारीक करता येते, कडेपासून सुटी करून तरंगत ठेवता येते, एकीच्या दोन करता येतात. मी ती डावीकडे लावली. सरपंच आले, म्हणाले, “डावीकडं? तू कोनत्या पार्टीत गेला बे?” मग उजवीकडे लावली, तर दुसरी पार्टी चहाला येणं बंद. शेवटी आपोआप लपणारी केली. दुपारी बायको दुकानात बसली आणि पाचव्या मिनिटाला फोन, “अवो, ते खालची पट्टी कुठी गेली? मी काही नाही केलं हं!” कर्सर काठाला नेला की वर येते, हे फोनवर सांगता सांगता माझं वावरातलं पाणी दुसऱ्याच्या तुरीत गेलं.

क्लिकचंही तेच. केडीईत पूर्वी फाइल एका क्लिकने उघडायची. २०२४ च्या फेब्रुवारीत प्लाझ्मा ६ आलं, त्यात दोन क्लिक झाले. आता दोनाचे परत एक करायची सोय आहे म्हटल्यावर ती तशीच ठेवणं मला तरी जमलं नसतं. बायकोचं बोट मात्र दोनदाच पडतं. त्यामुळे तिच्या पाळीत प्रत्येक फॉर्म जोडीने उघडतो. जुळ्याचं दुकान म्हणून आमची ख्याती झाली.

वॉलपेपरला मी कॉन्की लावला. कॉन्की म्हणजे केडीईचं चिन्ह, हिरवा गोजिरवाणा ड्रॅगन. माय डबा घेऊन आली, पाहिलं, डबा टेबलावर आपटला. “लक्ष्मी यायच्या जागी घोरपड बसवली यानं!” दुसऱ्या दिवशी तिथे संत गजानन महाराज होते. इतक्या बटणांत मायचं मत बदलायचं एकही नाही.

इंटरनेटवरून थीम उतरवायचं तेवढं मी टाळलं. एकाने बाहेरची थीम लावली आणि तिने त्याच्या फाइलीच पुसून टाकल्या, असं २०२४ च्या मार्चमध्ये खरोखर घडलं होतं. माझ्या डब्यात अर्ध्या गावाचे जातीचे दाखले आहेत. पण प्लाझ्मासोबत आलेले इफेक्ट आपलेच की! माउस जोरात हलवला की कर्सर मोठा होतो, हलवत राहिलो तर वाढतच जातो. मोतीबिंदूवाल्या गिऱ्हाइकांना हे फार आवडलं. खिडकी ओढली की ती लदलदते. आणि खिडकी बंद केली की तिचे तुकडे होऊन चहूकडे उडतात. हे दोन्ही मी चालू करून ठेवले होते, तेव्हाच एक आबाजी सातबारा पाहायला आले.

आबाजींचं आणि त्यांच्या लहान भावाचं धुऱ्यावरून भांडण आहे. हे भांडण माझ्या लग्नाच्या आधीचं. मी गट नंबर टाकला, सातबारा उघडला आणि त्यांना नीट दिसावा म्हणून खिडकी त्यांच्या बाजूला ओढली. ती ओढताना चांगलीच लदलदली. आबाजींनी चष्मा सावरला.

“बाबू, माहं वावर हालून राह्यलं ना!”

“आबाजी, ते नुसतं दिसायला हाये. डिझाइन.”

“डिझाइन कायचं? धुरा सरकला ना तिकडं! त्यानंच केलं अशीन काहीतरी. तलाठ्याकडं बसूनच राह्यते तो.”

त्यांना दाखवायला मी परत हलवलं. ते आणखी भडकले. म्हटलं, बंदच करावं. कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं, आणि आठ एकर दोन गुंठे फाटक्या पत्रावळीसारखे दुकानभर उडाले.

महाराष्ट्रात तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, पण प्लाझ्माच्या खिडक्या सांभाळणाऱ्या के-विन नावाच्या प्रोग्रामला हे सांगणार कोण? आबाजी स्टुलावर मटकन बसले. आतून पाणी आणलं, समोरून आलुबोंडा मागवला, सातबारा परत उघडून आठ एकर दोन गुंठे बोट ठेवून वाचून दाखवले, डिजिटल सहीची प्रतही काढून दिली. आलुबोंडा खाता खाता ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत होते. जाताना पैसे देऊन गेले, हे विशेष.

संध्याकाळी मी सेटिंगमध्ये जाऊन तुकड्यांची खूण काढणार, तेवढ्यात आबाजी परत. सोबत दोन म्हातारे साक्षीदार. तिघंही बाकावर ओळीने बसले. आबाजींनी कोपरीच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्यावर एकच गट नंबर होता, लहान भावाचा.

“हे उघड,” आबाजी म्हणाले. “न मंग बंद कर.”