सर्व बैल पंखे आहेत

सकाळी सहाला लातूरच्या अभ्यासिकेत जागा धरली, स्पर्धा परीक्षेचा सराव पेपर उघडला आणि पहिलंच विधान: सर्व बैल पंखे आहेत. दुसरं: काही पंखे लोटे आहेत. निष्कर्ष: काही बैल लोटे आहेत.

पोळ्याला मी स्वतः बैलांची शिंगं रंगवलेली. डोळ्यांसमोर झूल घातलेला उषा पंखा गरगरायला लागला. तरी ‘बरोबर’वर खूण केली. चुकलं. लोटे म्हणे पंख्यांच्या वर्तुळाच्या दुसऱ्या कोपऱ्यात असू शकतात, बैलांना न शिवता! सर सांगतात, घरची अक्कल चपलेबरोबर बाहेर काढून या. आपले जुने तर्कशास्त्री, नैयायिक, बरे. डोंगरावर धूर दिसला की आग आहे म्हणायचे, आणि दाखल्याला स्वयंपाकघर द्यायचे. धूर निदान खरा असायचा. 1880 मध्ये जॉन वेन या इंग्रजानं असली विधानं तपासायला वर्तुळं मांडली आणि आमच्या वह्या गोल गोल भरल्या. गावी गेलो तर आईनं वही पाहिली. “भाकरी काढायलास का रं? हिला तर काठच धड नाहीत.”

‘काही’वरून ‘सर्व’ म्हणायचं नाही, हे मात्र रक्तात भिनलं. सोयाबीन घेऊन वडिलांबरोबर आडतीवर गेलो. आडत्यानं एका पोत्यात हात घातला, मूठभर दाणे मॉइश्चर मशीनमध्ये टाकले. आकडा चौदा. “माल ओला हाय काका. बारा पाहिजे.” आणि तीसच्या तीस पोत्यांचा भाव पाडला.

मी पुढं झालो. “काही दाणे ओले आहेत, एवढंच विधान आहे. त्यावरून सर्व दाणे ओले हा निष्कर्ष निघत नाही.”

आडत्यानं पेन कानावर ठेवला. हमालानं पोतं खाली ठेवलं. वडील माझ्याकडं असे बघायले, जणू मी भर बाजारात सदरा काढला.

“पोरगं काय करतंय, काका?”

“परीक्षा देतंय.”

“कितव्यांदा?”

“चौथ्यांदा.”

आडत्यानं मान डोलावली. त्याचा निष्कर्ष निघाला होता. मग त्यानं दुसऱ्या पोत्यात हात घातला, दाणे टाकले. मशीनवर आकडा आला: पंधरा.

वडिलांनी गुपचूप विक्रीची पट्टी घडी करून खिशात घातली. एसटीत बसेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बस सुटल्यावर म्हणाले, “पुढच्या साली तू घरीच थांब. तुझी वर्तुळं काढ.”