टेकन ८ लावा म्हणणाऱ्या पाहुण्यांना दांडिया बाजारातून उत्तर

नमस्कार,

तुम्ही गेल्या रविवारी आमच्या व्हिडिओ गेम पार्लरला आलात, स्पर्धेत उतरलात आणि घरी जाऊन मन लावून रिव्ह्यू लिहिलात. दोन स्टार दिलेत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रविवारी आम्ही 'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके २' लावतो, म्हणजे कॅपकॉम आणि एसएनके या दोन कंपन्यांची पात्रं एकमेकांशी लढतात तो खेळ, त्यात अनेक खेळांचा नुसता काला आहे, त्यामुळे कुठल्याच खेळात कमावलेला हात तिथे चालत नाही. तुम्ही जिंकत आणलेला सामना समोरच्याने मार खाऊन भरलेल्या मीटरच्या, म्हणजे पडद्यावरच्या ताकदीच्या पट्टीच्या, जोरावर उलटवला, आणि हरणाऱ्याला असं बळ देणं तुम्हाला अन्याय वाटतं. एक मुलगा फायरबॉलच्या आरपार निघून गेला, तरी आम्ही त्याला अडवलं नाही. तेव्हा हे सगळं बंद करून रविवारी सरळ टेकन ८ हा लढाईचा खेळ लावावा. कोपऱ्यातल्या सेटला वारा लागत नाही हेही लिहिलंय, तिथे या आठवड्यात दुसरा पंखा बसतोय.

बाकीच्या मुद्द्यांवर सविस्तर लिहितो, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून रविवारी येऊ की नको असं दोघातिघांनी विचारलं.

आधी त्या मीटरबद्दल. समोरच्याने के-ग्रूव्ह घेतला होता. या खेळात पात्रांसोबत ग्रूव्हही निवडावा लागतो आणि ते सहा आहेत: सी, ए, पी, एस, एन, के. ग्रूव्ह म्हणजे तुमच्या बाजूने कोणते नियम चालतील याची निवड. के-ग्रूव्हवाल्याचा मीटर मार खाल्ल्यावर भरतो. ही 'सामुराय शोडाउन'मधली रागाची पट्टी आहे. भरली की त्याचे वार जास्त लागतात आणि सुपर, म्हणजे सर्वात जबर वार, मिळतो. पण तुमच्या रिव्ह्यूत याची दुसरी बाजू आलेली नाही. पट्टी भरेपर्यंत त्याला एकही सुपर मारता येत नाही. भरल्यावर ती साठवून ठेवता येत नाही, ठरावीक वेळात आपोआप रिकामी होते. त्याला रोल नाही, म्हणजे कोपऱ्यात अडकला की लोळून बाहेर पडायची सोय नाही. त्याचा राग पेटला की मागे सरका, हवेत जाऊ नका, ब्लॉक धरून वेळ काढा. तुम्ही त्याच क्षणी सामना संपवायला पुढे गेलात. माझ्या खुर्चीवरून मला दिसत होतं, पण चालू सामन्यात मी कुणालाच काही सांगत नाही.

आणि तो के-ग्रूव्ह तुम्हालाही घेता आला असता. माझं सगळं उत्तर इथे आहे. या खेळात शैली पात्राला चिकटलेली नाही, ती खेळणाऱ्याच्या हातात आहे. र्यू कॅपकॉमच्या स्ट्रीट फायटरचा, पण त्याला एन-ग्रूव्ह दिला की तो एसएनकेच्या 'किंग ऑफ फायटर्स'मधल्यासारखा धावतो आणि छोट्या उड्या मारतो. टेरी बोगार्ड एसएनकेचा, पण पी-ग्रूव्हमध्ये तो 'स्ट्रीट फायटर ३'सारखं पॅरी करतो, म्हणजे वार लागायच्या क्षणी स्टिक पुढे ढकलून तो परतवतो. २००४ साली ईव्हो या लढाईच्या खेळांच्या स्पर्धेत दाइगो उमेहारा या जपानी खेळाडूने समोरच्याच्या चुन-लीचा पूर्ण सुपर असाच झेलला होता, तो व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. ज्याला ती नजर कमावायला आवडतं त्याने पी घ्यावा आणि मीटर पूर्ण भरेपर्यंत सुपरशिवाय राहावं. ज्याला लांबलचक कॉम्बो रचायचेत त्याने ए घ्यावा.

आमच्याकडे पस्तिशी-चाळिशीचे जे लोक येतात, त्यातल्या अनेकांनी नाक्यावरच्या मशीनमध्ये नाणं टाकून 'केओएफ ९७', म्हणजे 'किंग ऑफ फायटर्स ९७', खेळलेलं आहे. तिथे सामन्याआधी खेळायची पद्धत ॲडव्हान्स्ड हवी की एक्स्ट्रा असं विचारलं जायचं. एन-ग्रूव्ह म्हणजे तोच ॲडव्हान्स्ड आणि एस-ग्रूव्ह म्हणजे तोच एक्स्ट्रा: बटणं दाबून उभ्या जागी मीटर भरायचा, रोलऐवजी जागच्या जागी चुकवायचं, लाईफ संपत आली की छोटे सुपर हवे तितके मारायचे. या लोकांना मी काहीच शिकवत नाही. स्टिक हातात घेतात आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची बोटं चालू लागतात. त्यांच्यासमोर 'स्ट्रीट फायटर ६'वर वाढलेला युनिव्हर्सिटीतला मुलगा बसतो आणि दोघंही आपापल्या सवयीने लढतात. असा सामना टेकन ८ वर होऊच शकत नाही. तिथे त्या काकांना पहिल्यापासून सगळं शिकावं लागेल, आणि ते दुसऱ्या रविवारी येणार नाहीत.

वेगवेगळ्या खेळांची माणसं एकत्र आणायची म्हटलं की प्रश्न नेहमी हाच असतो, नियम कुणाचे? २६ जून १९७६ ला टोकियोत मुहम्मद अली आणि अँटोनियो इनोकी समोरासमोर आले, बॉक्सर विरुद्ध कुस्तीगीर. इनोकीच्या बहुतेक डावांवर नियमांनी बंधनं घातलेली, म्हणून तो बराच वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. पंधरा फेऱ्या झाल्या आणि सामना बरोबरीत सुटला. दोघांपैकी कुणालाच स्वतःचा खेळ दाखवता आला नाही.

व्हिडिओ गेममध्ये या प्रश्नाची उत्तरं निरनिराळ्या प्रकारे दिली गेली. 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' १९९६ मध्ये आला, तिथे सगळे मार्व्हलच्या घरचे झाले. र्यू पडद्याबाहेर जाईल इतकी उंच उडी मारतो आणि त्याच्या सुपर हाडोकेनचा, म्हणजे मोठ्या फायरबॉलचा, जाडजूड झोत होतो. २००० च्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २'मध्ये छप्पन पात्रं आणि प्रत्येक बाजूला तिघं. मला तो खेळ मनापासून आवडतो, पण तिथे स्ट्रीट फायटरवाल्याला आपली शांत, अंतर राखून खेळायची पद्धत दाराबाहेर ठेवावी लागते.

उलट टोक २००४ चं, 'कॅपकॉम फायटिंग जॅम'. तिथे प्रत्येक पात्र आपापल्या मूळ खेळाचे नियम घेऊन येतं. ऐकायला हे सगळ्यात न्यायाचं वाटतं, आणि तुम्ही म्हणता ती 'प्रत्येक खेळाची शुद्धता' याच खेळात सर्वात जास्त आहे. पण पात्र निवडलं की त्याचे नियम गळ्यात पडतात. पॅरी हवं असेल तर 'स्ट्रीट फायटर ३'चीच पात्रं घ्या, मग तुमचा हात कुणावरही बसलेला असो. कमकुवत नियमांच्या घरात जन्मलेलं पात्र कमकुवतच राहतं. तो खेळ मी लावत नाही, तुम्ही म्हणता त्या काल्याच्या जवळचा खरं तर तो आहे.

'कॅपकॉम व्हर्सेस एसएनके'च्या २००० सालच्या पहिल्या भागात दोनच ग्रूव्ह होते, बटणं एसएनकेसारखी चार, आणि कोणतं पात्र किती वजनाचं हे खेळानेच ठरवून टाकलेलं. २००१ च्या दुसऱ्या भागात सहा ग्रूव्ह आले, बटणं सहा झाली आणि वजन वाटायचं काम खेळणाऱ्याकडे आलं. एकूण चार अंक, त्यात एक, दोन किंवा तीन पात्रं बसवायची. एकावरच चारही अंक लावा, नाहीतर दोन-एक-एक करा. हा बदल मला या सगळ्या प्रकारातला सर्वात शहाणपणाचा वाटतो. बनवणाऱ्यांनी शैलींचं भांडण स्वतः सोडवलं नाही. प्रत्येक सवयीला जागा दिली आणि प्रत्येक सवयीची किंमतही लावली.

आता टेकन. तुमचा खेळ मी पाहिला, हात चांगला आहे. समोरच्याचा वार हवेत गेला की लगेच शिक्षा करता, ब्लॉक केल्यावर कुठे परत मारायचं ते ठाऊक आहे. या दोन गोष्टी रविवारी जशाच्या तशा चालतात, आणि तुम्ही तीन सामने त्याच बळावर जिंकलात. चालत नाही ते बाजूला सरकणं. या खेळात टेकनसारखी पडद्याच्या आत-बाहेर जायची खोलीच नाही, तर सरकणार कुठे? २०१२ च्या 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन'मध्ये टेकनच्या काझुयालाही ते सोडून द्यावं लागलं, मात्र टेकन टॅगचा एक नियम सगळ्यांनी पाळायचा होता, जोडीतला एक पडला की फेरी गेली. त्याच्या बदल्यात जाहीर झालेला 'टेकन क्रॉस स्ट्रीट फायटर' कधी आलाच नाही. पण टेकन ७ मध्ये स्ट्रीट फायटरचा अकुमा आला ना? मीटर, हाडोकेन, हवेतून वार, सगळं घेऊन आला. मग एसएनकेचा गीस हॉवर्ड आला, 'फायनल फँटसी'चा नॉक्टिस आला. तेव्हा हाडोकेन दिसला की बाजूला सरकायला टेकनवाले शिकले आणि अकुमावाले जवळून लढायला शिकले. टेकन ८ मध्येही 'फायनल फँटसी'चाच क्लाईव्ह पाहुणा म्हणून आहेच. ज्याला तुम्ही शुद्ध म्हणता त्या घरातही पाहुणे येऊन राहून गेलेत, आणि टेकन त्यामुळे लहान झालेलं मला दिसत नाही.

फायरबॉलच्या आरपार जाण्याबद्दल तुम्ही 'चीटिंग' लिहिलंय. त्या मुलासाठी हे स्पष्ट करतो. याला रोल कॅन्सल म्हणतात. रोल सुरू होताच, पहिल्या अगदी मोजक्या फ्रेममध्ये दुसरी चाल टाकली की रोलची सुरक्षा त्या चालीला चिकटून राहते. सेकंदाला साठ फ्रेम असतात, त्यावरून किती बारीक वेळेचं काम आहे ते लक्षात येईल. बनवणाऱ्यांनी हे ठरवून ठेवलेलं नव्हतं, खेळातला दोष आहे, हे मी कुणापासून लपवत नाही. पण त्याने कोणतंही यंत्र लावलेलं नाही, बोटांनी केलंय, आणि कित्येक संध्याकाळी ट्रेनिंग मोडमध्ये एकटा बसून शिकलाय. सी, ए आणि एन या तीन ग्रूव्हमध्येच रोल आहे, पी, एस, के घेणाऱ्याला ही युक्ती मुळात मिळत नाही. आमच्या नियमांच्या फळ्यावर ती 'चालेल' या रकान्यात लिहिलेली आहे. ती तशीच राहील. कृपया रिव्ह्यूतून तो शब्द काढावा ही विनंती. तो मुलगा शाळेत शिकतो आणि त्याच्या आईनेही रिव्ह्यू वाचलाय.

लहान मुलांसाठी रविवारी दुसऱ्या सेटवर 'स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' असतो. तिथेही र्यूचा हाडोकेन एका बटणावर निघतो, पण स्टिक फिरवून काढला तर जास्त जोराचा निघतो. एकाच खेळात नवख्याला दार उघडं आणि जुन्याला त्याच्या सवयीचा मान. दहा वर्षांची मुलगी आणि तिचे बाबा एकाच सोफ्यावर बसून खेळतात ते यामुळेच.

तेव्हा रविवारची संध्याकाळ क्रॉसओव्हर, म्हणजे अनेक खेळांची पात्रं एकत्र आणणाऱ्या, खेळांचीच राहील. टेकन ८ सोमवार ते शनिवार तीन सेटवर असतो, रविवारीही सकाळी असतो, आणि टेकनची वेगळी स्पर्धा हवी असेल तर आठ नावं जमवा, शनिवारची संध्याकाळ मी मोकळी करून देतो. प्रवेश फी तीच.

रविवारी परत येणार असाल तर स्पर्धेच्या तासभर आधी या, पहिला सेट ट्रेनिंग मोडवर ठेवतो. तुमच्या हाताला एन-ग्रूव्ह बसेल असं मला वाटतं, धावत जवळ जाता येतं आणि रोलही आहे. टेरी आणि क्यो एकेका अंकावर, शेवटी दोन अंकांवर स्ट्रीट फायटरचा सगात ठेवा. पॅरी करणारा समोर आला तर वारांची घाई करू नका, जवळ जाऊन पकडा, पकड पॅरीने सुटत नाही. आणि के-ग्रूव्हवाला पेटला की या वेळी मागे सरका.

आपला,
पार्लरचा मालक, दांडिया बाजार, बडोदा