वायर लूज हाय, मालक

सायकलला घरीच इंडिकेटर केला, एवढाच माझा गुन्हा. 555 टायमर आयसी (ठरावीक वेळानं चालू-बंद करणारी छोटी चिप), 1 के आणि 47 केचे रेझिस्टर, 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पिवळे एलईडी, सगळं साबणाच्या डबीत कोंबून मागं कॅरिअरला बांधलं. मिनिटाला 90 च्या आसपास लुकलुकतो, गाड्यांचा लुकलुकतो तसाच. हा आयसी 1972 पासून बाजारात आहे, खेळण्यांपासून अलार्मपर्यंत सगळीकडं चालला, अडला तो लातूरच्या गंजगोलाईत, बाजारातल्या गोल चौकात.

काल संध्याकाळी डावीकडं वळायला बटण दाबलं, गर्दीत अडकलो, तर मागून धोतरवाले एक काका आले आणि वाकून डबीच बघायला लागले.

"मालक, वायर लूज हाय."

"नाही ओ काका, इंडिकेटर आहे तो."

"तेच म्हणायलो की. चालू व्हायलंय, बंद व्हायलंय. लूजच हाय."

"तो तसाच असतो. मला वळायचंय ना."

"मग वळा की! लाईट कामून लागतंय? हात न्हाई का?"

आता यावर काय बोलणार. तेवढ्यात मेथीची पिशवी माझ्याच हँडलला अडकवून त्यांनी डबी उघडली आणि मी नको नको म्हणेपर्यंत कपॅसिटर अंगठ्यानं असा चेपला की टाका सुटून त्याचा पाय वर आला. लुकलुकायचा वेग धरून ठेवणारा कपॅसिटर गेला की आयसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो, डोळ्याला ते कुठलं दिसायला, लाईट आपला एकसारखा पेटलेला.

"झालं! बघा कसं थांबलं."

शेजारचा रिक्षावाला म्हणे, काकाला कळतंय बरं का. हा माणूस स्वतः वळताना पाय बाहेर काढतो. गोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, पण कंपनीतून आलेला इंडिकेटर वळताना दाबेल असा एक माणूस दाखवा मला. उलट सरळ जाणाऱ्याचा नेमका चालू असतो, घरापासून. वर सायकलवाल्याला कट मारून "दिसत नाही का बे" हेही तेच विचारणार. दिसावं म्हणूनच तर डोळे फोडून हे सोल्डरिंग केलं ना! त्याचं कुणाला काय. सायकलवाला म्हणजे बिनकामाचा माणूस, त्याच्या डबीत कुणीही अंगठा घालावा.

काका पिशवी काढून घ्यायचं नाव घेईनात.

"मग? चहा सांगा की."

सांगितला. काय करता.

"बिनसाखरेचा सांगा, शुगर हाय मला."