प्रतिक्रियेला उत्तर : डेटॉल, टाकी आणि "ताई, फ्लॅटमध्ये बसून..."

परवाचा लेख तसा छोटाच होता. घराला सेप्टिक टँक असेल आणि न्हाणीघराचं पाणी त्याच टाकीत जात असेल तर आंघोळीच्या बादलीत रोज डेटॉल-सॅव्हलॉन ओतू नका, टाकीतले घाण कुजवणारे जिवाणू मरतात, आणि तशी टाकी उपसल्यावर थोडं शेण टाका, एवढंच म्हटलं होतं. त्यावर एक लांबलचक प्रतिक्रिया आलीय. नाव नाही, खाली नुसतं "एक सिव्हिल इंजिनिअर". सोडून देणार होते, पण रात्री दोनदा उठून परत वाचली, म्हटलं आता लिहूनच टाकावं, म्हणजे झोप तरी लागेल.

सुरुवात अशी आहे: "ताई, पुण्यात फ्लॅटमध्ये बसून, ड्रेनेज लाइनला जोडलेल्या बाथरूममध्ये आंघोळ करून गावच्या टाक्यांवर प्रवचन देणं सोपं असतं. थोडं वाचन वाढवा." पुढे मग डेटॉलचं गणित, अमेरिकेतला कुठलासा प्रयोग, शेणाच्या सल्ल्यावर टिंगल, आणि शेवटी "मुळात कोकणात आंघोळीचं पाणी टाकीत सोडतंच कोण, ते अळवाला जातं."

आधी एक चूक कबूल करते, नाहीतर म्हणाल बाईला चूक दाखवलेली खपत नाही. डेटॉल आणि सॅव्हलॉन दोन्हीत एकच औषध असतं असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. डेटॉलच्या पातळ औषधात क्लोरोक्झायलेनॉल असतं, ४.८ टक्के, आणि सॅव्हलॉनमध्ये क्लोरहेक्सिडीन आणि सेट्रिमाइड. लेखात दुरुस्ती केलीय. धन्यवाद.

आता "फ्लॅटमध्ये बसून" बद्दल.

दादा (तुम्ही ताई म्हणालात म्हणून दादा, एरवी मी अनोळखी माणसाला नाती चिकटवत नाही), फ्लॅट माझा आहे, हप्ते अजून चालू आहेत, पण माझा जन्म कोकणात लांज्याजवळच्या गावातला आणि दहावीपर्यंत मी तिथेच वाढले. आमच्याकडे संडास परसात लांब होता, पावसात इरलं घेऊन जायचो. मी आठवीत असताना आप्पांनी घराला लागून संडास-न्हाणीघर बांधलं तेव्हा टाकीचा खड्डा खणताना मी स्वतः चिरे वाहिलेत. दोन खणांची टाकी, पुढे तिचं पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डा. टाकी म्हणजे काय हे मला कोणी पॉवरपॉइंटवर शिकवलेलं नाही.

आणि २०१८. त्या जूनमध्ये आप्पांचं खुब्याचं हाड मोडलं आणि ते चार महिने अंथरुणावर होते. मी रजा टाकून गावी गेले, नंतर बिनपगारी राहिले. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात अँटिसेप्टिक घालून अंग पुसायचं, चादरी आणि लंगोट त्याच पाण्याच्या बादलीत भिजवायचे, लादी फिनेलने, संडास ॲसिडने. आई तर माझ्या डोळ्यादेखत झाकणाने मोजायची सोडून बाटलीच वाकडी करायला लागली होती, कारण वास आला की तिला स्वच्छ वाटायचं. अर्ध्या लिटरची बाटली आठवड्याला संपायची. आणि ते सगळं पाणी न्हाणीघराच्या जाळीतून टाकीत, कारण गवंड्याने दोन पाइप कशाला म्हणून एकाच चेंबरला जोडून दिलं होतं.

ऑगस्टमध्ये संडासचं पाणी उतरेना. मग वास. वास म्हणजे टाकीचा नेहमीचा नव्हे, तो आम्हाला माहिती आहे, हा वेगळा होता, सडकं आणि वर औषधी. टाकी उपसणारा गाडीवाला आला, लादी सरकवली, मी बाजूला उभी होते नाकाला ओढणी लावून. चालत्या टाकीत वरती जाड तपकिरी साय धरलेली असते, काठी टोचली तर भोक पडतं असा थर. आमच्या टाकीत साय नव्हतीच. राखाडी गढूळ पाणी, कडेला पांढरा फेस, आणि मधे सगळं जसंच्या तसं तरंगतंय, काही म्हणजे काही कुजलेलं नाही. गाडीवाल्याने आत बघितलं आणि मला म्हणाला, "टाकी मेलीय बाय तुमची. काय ओतता काय हिच्यात?" मी फ्लॅटमधून नाही बघितलं हे. पुढचे दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

तेव्हा पुन्हा कोणाला "फ्लॅटमध्ये बसून" म्हणायच्या आधी समोरचा माणूस कुठून आलाय ते विचारा. गावी राहिलेल्या माणसालाच गावाबद्दल बोलायचा हक्क असेल तर निम्मं कोकण मुंबईत गप्प बसवावं लागेल.

(पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डा पाणी घेत नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये टाकी तुंबण्यात नवल ते काय, असंही तुम्ही कंसात विचारलंय. पाऊस त्याच्या आधीही दर वर्षी पडत होता. तेव्हा तुंबली नाही.)

गणिताचं. तुम्ही लिहिता, दोन बादल्यांना मिळून ४० मिली डेटॉल, त्यात औषध दोन ग्रॅमसुद्धा नाही, दोन हजार लिटरच्या टाकीत ते दहा लाखात एक भाग पडतं, एवढ्याने काय मरतंय. मी कॅलक्युलेटरवर करून बघितलं, आकडा बरोबर येतो. पण घरात काय तेवढंच असतं? लादीचं लिक्विड, ब्लीच, हार्पिक, फिनेल, सगळ्याची बेरीज धरा ना. रोजची धरा. टाकीतून रोज पाणी बाहेरही जातं हे तुम्ही म्हणणार, मला माहितीय. जातं. पण सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड, किंवा लादीच्या लिक्विडमधलं बेंझाल्कोनियम, ही जात पाण्याबरोबर गुमान निघून जाणारी नाही, ती गाळाला चिकटते आणि गाळाबरोबर तळाशी बसते, जिथे जिवाणूंचं खरं काम चालू असतं तिथेच. (हे डेटॉलबद्दल नाही म्हणत मी, सॅव्हलॉनबद्दल म्हणतेय. बघा, वाचन वाढवलं.) आणि कुजणं मंदावलं की न कुजलेला गाळ दुसऱ्या खणात, तिथून शोषखड्ड्यात, आणि चिऱ्याची भोकं एकदा बुजली की ती काय परत उघडत नाहीत, नवा खड्डा खणावा लागतो. आजारपणाच्या घरात जेवढं औषध जातं तेवढं एरवी जात नाही, हे लेखात लिहायला हवं होतं, ठीक आहे. पण २०२०च्या लॉकडाउनमध्ये घराघरात काय चाललं होतं ते आठवा, लोक भाजीसुद्धा डेटॉलने धूत होते.

तुमचा अमेरिकेतला प्रयोग, अर्कान्सा विद्यापीठाचा, १९८७चा. हजार गॅलनच्या टाकीतले जिवाणू मारायला गॅलनभराहून जास्त ब्लीच लागलं आणि तरी ते काही दिवसांत परत वाढले. बरं. त्याच प्रयोगात नळी मोकळी करायचे स्फटिक जेमतेम ११ ग्रॅम पुरले, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. सोयीचं तेवढं उचलायचं. आणि अमेरिकेतली टाकी निराळी, आपली गवंड्याच्या अंदाजाने बांधलेली निराळी, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

शेणाची टिंगल केलीत ना? "शेण टाकायचे सल्ले एकविसाव्या शतकात!" सेप्टिक टँकसाठी आपल्याकडचं सरकारी मानक आहे, आयएस २४७०, भाग १, १९८५ची आवृत्ती. त्यात नवी टाकी सुरू करताना पाण्याने भरून मुरलेला गाळ थोडा टाका, तो मिळत नसेल तर कुजलेलं शेण चालेल असं म्हटलंय. एक सिव्हिल इंजिनिअर म्हणून तुम्ही हे वाचलेलं असणारच. आता तुम्ही म्हणाल ते नव्या टाकीसाठी आहे, मेलेल्या टाकीसाठी नाही. अहो, उपसलेली टाकी म्हणजे नवीच की! (आणि हो, उपसताना थोडा गाळ मुद्दाम तळाशी ठेवायचा, सगळी खरवडून घ्यायची नाही. माणूस आत उतरवायचा नाही, २०१३च्या कायद्याने बंदी आहे आणि कायदा नसता तरी आतल्या वायूने माणूस जातो. हे लेखात होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं की नाही कोण जाणे.)

राहिलं अळू. "आंघोळीचं पाणी टाकीत सोडतंच कोण" म्हणता. गेल्या पंधरा-वीस वर्षांत गावात उठलेली घरं बघा, संडास-बाथरूम एकत्र, एकच पाइप, आणि मुंबईकर गणपतीत आले की दहा माणसांच्या आंघोळी एका दिवसात. टाकीत पाणी निदान दिवसभर तरी थांबायला हवं, तर गाळ खाली बसतो. एवढं पाणी एकदम आलं की ते थांबतच नाही, ढकललं जातं. डेटॉल नसलं तरी. म्हणजे पाइप वेगळा हवा हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, त्यात वाद नाहीच, पण ते "ताई"शिवायही सांगता आलं असतं.

आणि आम्ही तो मागच्या वर्षीच वेगळा केलाय. तुम्ही सुचवायच्या आधी. गवंड्याने एका दिवसात चेंबर बुजवून चार इंची पाइप परसात काढून दिला. टाकीचं झाकण त्यानंतर उघडावं लागलेलं नाही, आई अजूनही लादीला फिनेल लावते, आणि अळू या वर्षी कमरेएवढं आलंय.